हंगामाचं अभय

माझ्या भावाला गावानं दारुडा ठरवलं ते बिरोबाच्या जत्रेत, भर दुपारी, भंडारा उधळलेला असताना. आमच्या वाडीचं गजी नाचणारं मंडळ पंचक्रोशीत नावाजलेलं आहे. मध्ये ढोल, भोवती फेटेवाल्यांचं कडं, हातात रुमाल आणि ढोलाच्या ठोक्यावर सगळ्यांचे पाय एकदम वळतात. धुळाप्पा, माझा धाकटा भाऊ, त्या कड्याचा म्होरक्या. तो वळेल तिकडे कडं वळायचं. त्या दिवशी ढोलाचा ठोका बदलला आणि धुळाप्पाचा पाय वळलाच नाही. पंजा फटकन जमिनीवर आपटला, तो कलंडला आणि मागच्या दोघांना घेऊन खाली बसला.

लोक हसले. तो उठून पुन्हा कड्यात शिरला, तेवढ्यात समोरच्या अंगाला बिराप्पा पडला, मग त्याच्या शेजारचा. पडणारे सगळे डाळिंबाच्या बागेत फवारणी करणाऱ्या टोळीतले होते. आमच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं हात वर करून ढोल थांबवला. देवासमोर वाजता ढोल थांबवायची पाळी गावावर कधी आली नव्हती. पुजाऱ्यानं धुळाप्पाला विचारलं, प्यालाय काय. धुळाप्पानं मान खाली घातली आणि "व्हय" म्हणाला. टोळीतले बाकीचेही व्हय म्हणाले, पाठोपाठ, शाळेतल्या पोरांसारखे.

मी बायकांत बसले होते, ती उठून त्याच्याकडे गेले. त्याला काखेत हात घालून उठवताना सदऱ्याचा भपकारा असा आला की जणू तो दारूत भिजवून वाळत घातला होता. तोंडाला मात्र नुसता बडीशेपेचा वास. मी तालुक्याच्या दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, केस पिकले त्या कामात. तोंडाचा वास कुठला आणि कापडाचा कुठला, हे मला कुणी शिकवायला नको.

पंचांनी टोळीला पुढच्या जत्रेपर्यंत गजीतून बाहेर काढलं. धुळाप्पानं हात जोडून शिक्षा घेतली. त्याची बायको संगी तडक घरी आली, तिनं लेकीचे कपडे भरले आणि माहेरची एसटी धरली. जाताना मला म्हणाली, "वन्सं, बाप दारूनं गेला माझा. नवरा न्हाई जाऊ द्यायची मी. पर बघत बी बसायची न्हाई." तिला काय सांगणार? मलाच अजून काही कळलेलं नव्हतं, नुसता राग आला होता, आणि तोही भावाचा.

'अभय'बद्दल आधी सांगायला हवं, कारण त्या इंजेक्शनला मी देवासारखं मानलं होतं.

फवारणीच्या औषधांत ऑरगॅनोफॉस्फरस नावाची एक जात असते. आपल्या शरीरात नस स्नायूला हुकूम देते तो एका रसायनाच्या थेंबातून. हुकूम पोचला की तो थेंब लगेच पुसून टाकायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार असतं. हे विष त्या विकरालाच धरून बसतं. मग थेंब पुसला जात नाही आणि हुकूम थांबत नाही. तोंडाला फेस, डोळ्याला पाणी, अंगभर थरथर, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, आणि शेवटी छाती पाण्यानं भरून माणूस कोरड्या खाटेवर बुडतो. आम्ही अ‍ॅट्रोपिन देत राहायचो, म्हणजे निदान छाती कोरडी राहावी. विषाची पकड सोडवणारं दुसरं इंजेक्शन आहे, पण उशीर झाला की पकड पक्की होते आणि मग त्याचा उपयोग नसतो. उशीर तर कायमच झालेला असायचा.

माझा नवरा सदाशिव असाच गेला, माझ्याच वॉर्डात. तो दुसऱ्यांच्या बागा फवारायचा. दवाखान्यातलं अ‍ॅट्रोपिन दुपारी संपलं आणि सांगलीहून निघालेली गाडी पोचेपर्यंत मी त्याच्या तोंडातला फेस पुसत बसले होते. त्यानंतर मी त्याच वॉर्डात काम करत राहिले. लोकांना ते धाडस वाटायचं. मला दुसरं कुठलं काम येत नव्हतं, एवढंच.

म्हणून पुण्याच्या प्रयोगशाळेतून डॉ. निवेदिता लिमये 'अभय' घेऊन आल्या तेव्हा मी त्यांच्या पाया पडले होते. मातीत एक जिवाणू असतो, त्याच्याकडे हे विष तोडणारं विकर असतं. लिमये मॅडमनी ते विकर घेतलं, तासून तासून जलद केलं आणि त्यावर असं आवरण चढवलं की शरीरानं त्याला परकं म्हणून हाकलू नये. दंडात एक टोचलं की ते अख्खा हंगाम रक्तात फिरत राहतं. विष रक्तात आलं की नसेपर्यंत पोचायच्या आत त्याचे तुकडे. हा उतारा विषाच्या आधीच घरात येऊन बसलेला. आमच्या वाडीत पहिलं इंजेक्शन मी धुळाप्पाला टोचलं. त्या वर्षी आमच्या वॉर्डात फवारणीचा एकही रुग्ण आला नाही आणि मी सगळ्या स्टाफला पेढे वाटले.

पुढच्या वर्षी अभय बनवणाऱ्या आणि फवारणीची औषधंही विकणाऱ्या कंपनीनं विचारलं, की आता माणसं सुरक्षित आहेत तर जुने निर्बंध कशाला? सरकारातल्या वरच्या लोकांना ते पटलं. बंद केलेलं फवारणीचं एक जहाल औषध पुन्हा बाजारात आलं. टोळीतले त्याला नुसतं 'पिवळं टोपण' म्हणतात. फवारल्यावर बागेत दोन दिवस पाऊल टाकायचं नाही असा नियम होता, तो गेला. मास्क गेले, रबरी हातमोजे गेले. ड्रोन होतेच, पण डाळिंबाच्या झाडाच्या पोटात ड्रोनचा फवारा शिरत नाही, तिथं नळी धरून माणूसच वाकावा लागतो. प्रत्येक गड्याच्या मनगटाला एक पट्टी आली. रक्तात अभय पुरेसं असेल तर पट्टी हिरवी, आणि पट्टी हिरवी असेल तरच बागेचं फाटक उघडणार. ज्याला टोचून घ्यायचं नव्हतं त्यानं घरी बसावं.

पूर्वी डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडाला पाणी सुटलं, की माणूस नळी टाकून आपोआप बांधावर यायचा. आता काहीच होत नव्हतं. माणसं दिवसभर त्या धुक्यात उभी राहून शीळ घालत फवारत होती. बागायतदार खूश, कंपनी खूश, आमचे मोठे डॉक्टर खूश. मीही खूश होते, लपवून काय करू?

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळाप्पाच्या अंगणात जाऊन उभी राहिले. तो पायरीवर बसून चपलेला मागून सुतळी बांधत होता. मला बघून त्यानं ती पायाखाली सरकवली. मी त्याला टाचांवर चालून दाखव म्हणाले. त्यानं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. मी हसले नाही, तेव्हा उठला. भिंतीला धरून टाचांवर उभा राहायला गेला आणि दोन्ही पंजे ओल्या फडक्यासारखे खाली लोंबले. ते वर उचलायची ताकदच त्याच्या पायात नव्हती. मी पर्समधून सुई काढली, त्याला डोळे मिटायला लावले आणि अंगठ्याला टोचली. त्याला पत्ता नाही. घोट्याला टोचली तरी नाही. पोटरीच्या मध्यावर आले तेव्हा तो कुठं हूं म्हणाला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब उभा होता आणि तो डोळे मिटून विचारत होता, की आक्का, टोचतीयास कवा.

हे कधीपासून, मी विचारलं. मृगाच्या बहारापासून, म्हणाला. आधी मुंग्या आल्या, मग चप्पल कुठं गळाली ते कळेना झालं. बिराप्पाला तर शिडी चढता येत नाही. टोळीतले निम्मे असेच आहेत. मग दारूचं सोंग कशाला, असं मी ओरडलेच.

"पाय गेल्यालं गडी टोळीत कोण ठिवतंय?" धुळाप्पा म्हणाला. "प्याल्यालं चालतंय, आक्का. दारुड्याला सकाळी परत कामावर घेत्यात."

सगळ्यांनी मिळून हे ठरवलं होतं. पंपघरात एक बाटली ठेवलेली. काम सुटलं की प्रत्येकानं सदऱ्यावर थोडी शिंपडायची आणि झोकांड्या खात घरी जायचं. बायका शिव्या देतील, गाव हसेल, पण फाटक उघडं राहील. तालमीतली ही धडधाकट माणसं, आपण लुळे पडतोय हे झाकायला दारुडे झाली होती. संगीला तरी सांगायचं होतंस, मी म्हणाले. तो म्हणाला, तिनं कामावर जाऊच दिलं नसतं. हे त्याचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"कुणाला सांगू नगंस," एवढंच तो शेवटी म्हणाला. मी सांगितलं. त्याच दिवशी.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या टोळीला बोलावून रक्त तपासलं. विष ज्याला धरतं ते विकर प्रत्येकाचं उत्तम. अभयची पातळी उत्तम. पट्ट्या हिरव्यागार. कागदावर एवढी निरोगी माणसं तालुक्यात दुसरी नसतील. मी म्हणाले, साहेब, पाय बघा. ते म्हणाले, सिस्टर, या तपासणीत पाय येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी कंपनीचे विभागीय अधिकारी बिडकर आले. गोड बोलणारा माणूस. मला खुर्ची दिली, माझ्या नवऱ्याची चौकशी केली, माझी माहिती आधीच वाचून आले होते. मग म्हणाले, की सिस्टर, तुमच्या भावानं देवासमोर कबूल केलंय ना, दारू पितो म्हणून? सगळ्या गावासमोर? दारूनं पायाच्या नसा जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. मोठ्या डॉक्टरांनी माझ्यासमोर टोळीच्या नावापुढे लिहिलं, दारूमुळे झालेला नसांचा विकार. मी बाटलीची, सदऱ्याची, बडीशेपेची सगळी हकिगत सांगितली. बिडकर मान हलवत ऐकत राहिले. सगळे दारुडे असंच सांगतात, असं त्यांनी म्हटलंसुद्धा नाही. चेहऱ्यावरून कळावं एवढीच काळजी घेतली.

माझी माणसं दारूचा एक घोट न घेता दारुडी ठरली, तीही स्वतःच्या तोंडानं. लाज झाकायला त्यांनी जे अंगावर शिंपडलं, तेच कंपनीच्या कामाला आलं. गाव तर काय, आधीच शिक्षा देऊन मोकळं झालेलं. मी पंचांकडे गेले तर पुजारी म्हणाले, की देवासमोर कुणी खोटं बोलतं होय? बोलतं, बाबा. पोटासाठी देवासमोरसुद्धा बोलतं.

मग मी लिमये मॅडमना फोन केला. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या, एकट्या, स्वतः गाडी चालवत. साठीच्या, बारीक चणीच्या, केस आखूड कापलेले. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी टोळीतल्या एकेकाला टाचांवर चालायला लावलं. बिराप्पाच्या वेळी त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या. नंतर आम्ही दोघी पायरीवर बसलो तेव्हा त्यांनी मला जे समजावलं, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं.

पिवळ्या टोपणातल्या विषाचे कण दोन घडणीचे असतात. घटक तेच, पण एकाची मांडणी डावी आणि दुसऱ्याची उजवी. चपलांचा जोड असतो तसं. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसं एक विकर एकाच घडणीच्या कणाला नीट पकडू शकतं. माणसाचा श्वास कोंडतो तो मुख्यतः डाव्या कणानं. अभय त्या डाव्याला चटकन तोडतं. उजवा तसाच फिरत राहतो. त्यानं श्वास कोंडत नाही, फेस येत नाही, पण नसांच्या आत देखभाल करणारं एक वेगळंच विकर आहे, त्याला तो धरतो. देखभाल बंद पडली की काही आठवड्यांनी नस टोकाकडून मरत येते. शरीरातली सगळ्यात लांब नस पायाच्या बोटांपर्यंत जाते, म्हणून सुरुवात तिथून होते.

"पूर्वी असं का होत नव्हतं?" मी विचारलं.

"कारण पूर्वी इतका उजवा कण अंगात जाईपर्यंत माणूस उभा राहूच शकत नसे. डावा त्याला आधी पाडायचा." त्या जमिनीकडे बघत होत्या. "मी जीव वाचवला, शालनताई, आणि त्याला दिवसभर तिथं उभं राहायची सोय करून दिली."

"तुमच्या औषधानं माणूस नाही वाचला, मॅडम," मी म्हणाले. "ते विष वाचलं. ते बंद पडलं होतं. तुम्ही त्याला परत आणलंत."

मला त्यांची दया आली नाही. खरं सांगायचं तर आजही पूर्ण आलेली नाही. त्यांनी हक्क कंपनीला विकले होते, अटी घातल्या नव्हत्या, आणि त्यांच्यासारख्या शिकलेल्या बाईला विषाला डावं-उजवं असतं हे माहीत होतं. नसांवरच्या या परिणामासाठी जुन्या काळापासून कोंबड्यांवर चाचणी घेतात, असं त्या म्हणाल्या. कोंबडीचे पाय माणसासारखेच जातात. ती चाचणी अभय आणि पिवळं टोपण एकत्र देऊन झाली का, असं त्यांनी कंपनीला तिथूनच विचारलं. उत्तर आलं, की आवश्यकता नसल्यामुळे अशी चाचणी घेण्यात आलेली नाही. गेलेल्या नसा परत येतात का, हे मी त्यांना विचारलं. थोड्या येतील, म्हणाल्या, विष आज थांबलं तर. पुढच्या हंगामात पुन्हा फवारलं तर पाय कायमचे जातील, आणि मग हात.

पुढचा हंगाम दारात होता. हस्त बहाराच्या टोचणीचा कार्यक्रम दवाखान्याच्या आवारात ठरला होता, मांडव घालून. टोचायचं काम माझं. मी धुळाप्पाला निक्षून सांगितलं, की तू यायचं नाहीस. त्याला डावं-उजवं सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की न टोचता बागेत गेलो तर? मी म्हणाले, मरशील, पिवळं टोपण जुन्या औषधांसारखं नाही. आणि टोचून गेलो तर? पाय जातील. आणि गेलोच नाही तर? आमच्या भागात आता बागेशिवाय काम नाही. मेंढरं माझ्या बापाबरोबर संपली आणि कुरणांवर डाळिंबं उभी आहेत.

"मंग टोच तूच," तो म्हणाला. "परक्याच्या हातनं कशाला?"

कार्यक्रमाच्या दिवशी लिमये मॅडम न बोलावता आल्या आणि मागच्या खुर्चीवर बसल्या. पुढे पाहुणे होते, आमदारांचे चिरंजीव, बागायतदार संघाचे अध्यक्ष, कृषी खात्याचे साहेब, आमचे मोठे डॉक्टर आणि बिडकर. समोर टोळ्यांची रांग. पहिला उभा धुळाप्पा, बाही दंडावर गुंडाळून. बिडकरांनी भाषण केलं. अभय म्हणजे श्रमिकाच्या दंडातलं कवच, वगैरे. टाळ्या झाल्या. मी सिरिंज भरली आणि भावाच्या दंडाकडे बघितलं. त्या दंडावर लहानपणी मेंढीनं मारलेल्या धडकेचा वण आहे. मला एकदम संताप आला. भावाच्या दंडात संतापाच्या भरात सुई घालायची नसते, म्हणून मी ट्रे उचलला आणि सरळ पाहुण्यांच्या रांगेकडे गेले.

मी म्हणाले, आज आधी पाहुण्यांना टोचते. नंतर सगळे मिळून समोरच्या बागेत जाऊ, पिवळं टोपण फवारायला, दुपारपर्यंत. औषध सुरक्षित आहे असं आत्ताच साहेबांनी सांगितलं. मला वाटतं पुढाऱ्यांनीच आधी बाही वर करावी, लोकांना धीर येईल.

आधी सगळे हसले, गंमत समजून. मग मी चिरंजिवांसमोर कापूस स्पिरिटमध्ये भिजवला आणि हसणं थांबलं. चिरंजिवांना फोन आला. कृषी खात्याच्या साहेबांना कसलीशी अ‍ॅलर्जी निघाली. अध्यक्ष म्हणाले, की मी फवारत नाही तर मला कशाला? मोठे डॉक्टर मला दबक्या आवाजात सस्पेन्शनची भीती घालत होते. रांगेतली माणसं सगळं बघत होती, पण कुणी हललं नाही. साहेबलोक टोचून घेत नाहीत यात त्यांना नवल नव्हतं. साहेबलोक मास्कही कधी घालत नव्हते, कारण ते बागेतच कधी जात नव्हते. मी हरले होते, आणि ते मला कळत होतं.

तेवढ्यात लिमये मॅडम मागून पुढे आल्या. त्यांनी साडीचा पदर खोचला, ब्लाउजची बाही वर सरकवली आणि माझ्यासमोर दंड धरला.

"मला टोचा," त्या म्हणाल्या. "हे माझं औषध आहे. मी टोळीबरोबर बागेत जाते. आजच नाही, हंगामभर जाईन. नळी धरायला कुणीतरी शिकवा फक्त."

मी कापूस त्यांच्या दंडावर फिरवला. माझ्या मनात काय होतं ते मला नक्की सांगता येणार नाही. टोचावं असंही वाटत होतं. सुई कातडीला टेकली तेवढ्यात बिडकरांनी पुढे झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं. त्या माणसाचा गोड आवाज पहिल्यांदाच फाटला होता.

"मॅडम, तुम्ही नाही. वेड्यासारखं काय करताय? हंगामभर गेलात तर पुढच्या वर्षी चालता येणार नाही तुम्हाला."

त्या दिवशी सकाळपासून तिथं पायांविषयी कुणी एक अक्षर बोललेलं नव्हतं. बिडकरांनी मनगट सोडलं आणि खिशातला रुमाल शोधायला लागले. लिमये मॅडमनी त्यांना विचारलं, की कोंबड्यांवर घेतली होतीत ना चाचणी?

रांगेतून धुळाप्पा पुढे आला. एक एक पाऊल गुडघ्यातून उंच उचलत, पंजा आपटत, आज काही न लपवता. बिडकरांच्या अगदी समोर उभा राहिला.

"आणि आमाला?" त्यानं विचारलं.

बिडकर म्हणाले की गैरसमज होतोय, आपण आत बसून बोलू, चहा घेऊ. धुळाप्पाला रागावता येत नाही, लहानपणापासून. रागावायचं काम घरात माझंच. त्यानं गुंडाळलेली बाही खाली केली, मनगटाची हिरवी पट्टी सोडून पाहुण्यांच्या टेबलावर ठेवली, आणि होता तिथंच, पाहुण्यांच्या पुढ्यात, खाली बसला. मागून बिराप्पा आला, तोही बसला. मग टोळीतले बाकीचे, मग दुसऱ्या वाड्यांच्या टोळ्या. काहींना नीट बसताही येत नव्हतं. ते एकमेकांचे खांदे धरून खाली टेकत होते. बसताना कुणी घोषणा दिली नाही. मांडव भरला आणि पाहुण्यांना गाड्यांकडे जायला वाट राहिली नाही.

मोठे डॉक्टर ओरडले. मग पोलीस बोलवायची भाषा झाली. चिरंजिवांनी हात जोडून विनंती केली, की मित्रांनो, उठा, आपण चर्चेतून मार्ग काढू. शेवटी बिडकर वाकले आणि धुळाप्पाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की तुम्ही तरी समजूतदार आहात, तुम्ही उठा म्हणजे बाकीचे उठतील.

"उठाय येत न्हाई, सायेब," धुळाप्पा म्हणाला. "तुमी उचला."